माउंट हूडहून परतताना: उन्हाळी स्नोबोर्डिंग सहलीचे शेवटचे तीन दिवस

दर जुलैत बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) आमच्या ओळखीच्या मंडळींच्या दोन-तीन गाड्या ओरेगॉनला निघतात. माउंट हूडच्या पाल्मर स्नोफील्डवर भर उन्हाळ्यात स्नोबोर्डिंग, खाली ट्रिलियम लेकच्या काठी तंबू, आठवडाभर मजा. जाण्याची तयारी महिनाभर चालते, याद्या होतात, फोन होतात. परतीची तयारी मात्र कोणी करत नाही. मग दर वर्षी तेच घडतं. शेवटच्या दिवशी दुपारी लिफ्ट बंद होईपर्यंत बर्फावर राहायचं, चारला ओला तंबू डिकीत कोंबायचा आणि सहाशे मैल रात्रभर गाडी हाणायची. त्यातून कोणाचं मनगट मोडतं, कोणाच्या बोर्डाच्या पोलादी कडांना गंज चढतो, कोणाचा तंबू पुढच्या वर्षी उघडल्यावर वास मारतो. ड्रायव्हरला पहाटे डुलकी लागते, ते तर सगळ्यांत वाईट.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. सहलीचा शेवटचा दिवस आपण बर्फाचा धरतो. तो वाळवणाचा धरायला हवा, आणि त्यानंतरचा दिवस फक्त रस्त्याचा. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्यावर उभा आहे.

## टप्पा १: आधी उलटी मोजणी

निघण्यापूर्वी, घरीच, कागदावर शेवटाकडून मागे मोजत या. समजा बुधवारी सकाळी कामावर हजर व्हायचंय. मग मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत घरात पाऊल पडायला हवं. सामान उतरवायला, आंघोळीला आणि झोपेला तेवढा वेळ लागतोच.

गव्हर्नमेंट कॅम्प या माउंट हूडच्या पायथ्याच्या गावापासून बे एरिया सुमारे सहाशे मैल. त्याचे दोन तुकडे करा:

- सोमवार दुपार: यूएस २६ महामार्गाने वॉर्म स्प्रिंग्जमार्गे मॅड्रस, तिथून यूएस ९७ ने बेंड आणि क्लॅमथ फॉल्स. साधारण अडीचशे मैल. मुक्काम तिथेच.
- मंगळवार: क्लॅमथ फॉल्सहून वीड, तिथे आय-५ धरून रेडिंगमार्गे घर. साधारण पावणेचारशे मैल.

म्हणजे सोमवार सकाळ वाळवणाला आणि सामान बांधायला मिळते, आणि बर्फावरची शेवटची सकाळ ठरते रविवारची. ही तारीख गटातल्या सगळ्यांना निघण्याआधीच सांगा. डोंगरावर पोचल्यावर सांगितलीत तर वाद होतात. बर्फ समोर दिसत असताना कोणालाच निघायचं नसतं, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

तपासा: क्लॅमथ फॉल्सचा मुक्काम आधीच आरक्षित केलाय का? त्या रात्री तंबू नको, खोलीच घ्या. वाळलेला तंबू दुसऱ्या दिवशी पुन्हा दवात भिजवण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: बर्फावरची शेवटची सकाळ

जिथून लिफ्टने वर जातात ते टिंबरलाइन लॉज हे हॉटेल सुमारे ६,००० फुटांवर आहे आणि पाल्मर लिफ्टचं वरचं टोक ८,५४० फुटांवर. उन्हाळ्यात इथला बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा सैल होतो. त्यामुळे उन्हाळ्यातलं वेळापत्रक हिवाळ्याच्या उलट असतं. पहिले दोन-तीन तास सोन्याचे, पुढचे घसरणीचे.

बर्फ टिकावा म्हणून पाल्मरवर मीठ पसरतात. हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या टप्प्यात याच मिठाशी गाठ आहे. मीठ वरचा थोडा बर्फ वितळवतं. त्या वितळण्याला लागणारी उष्णता आसपासच्या बर्फातून ओढली जाते आणि तो घट्ट होतो. लहानपणी आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ घालायचो, तेच तत्त्व. पण उन्हापुढे मिठाची ताकदही काही तासच पुरते.

त्या सकाळी असं करा:

1. आदल्या रात्री लिफ्टच्या वेळा आणि वाऱ्याचा अंदाज बघा. पाल्मर लिफ्ट वाऱ्यामुळे किंवा विजांमुळे बंद राहू शकते. ती बंद असेल तर शेवटची सकाळ तिथेच संपली असं समजा. सोमवार पुढे ढकलू नका.
2. लिफ्ट सुरू होताना रांगेत असा. जुलैत पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं, त्यामुळे ही काही फार पहाट नाही.
3. पहिली रन (वरून खालपर्यंतची एक फेरी) सावकाश घ्या. रात्रीचा गोठलेला पृष्ठभाग खवल्यासारखा कडक असतो. कडा नीट बसते की नाही, ते या रनमध्ये कळतं.
4. सनस्क्रीन दर दोन तासांनी. उंचीनुसार अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि बर्फावरून ती खालूनही येतात. म्हणून हनुवटीखाली, कानांच्या मागे आणि नाकपुड्यांच्या कडेला लावायला विसरू नका. आमच्याकडे सगळ्यांत वाईट भाजलेली जागा दर वेळी हनुवटीखालचीच निघते.
5. पाणी पीत राहा. डोकं दुखायला लागलं तर ती उंचीची आणि उन्हाची सूचना आहे. खाली उतरा.

### थांबायचं कधी

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

ऊन चढलं की बर्फाचे दाणे मोकळे होतात आणि तासभर बोर्ड लोण्यावरून गेल्यासारखा सरकतो. मग पाणी वाढतं. आता मधूनच करड्या, मळलेल्या पट्ट्या लागतात. डोंगरावरची धूळ आणि झाडांचे पराग बर्फावर साचून त्या तयार झालेल्या असतात. स्वच्छ बर्फावरून वेगात येणारा बोर्ड अशा पट्टीवर आला की कोणीतरी मागून शेपूट धरून ओढल्यासारखा अडकतो. पाय थांबतात, अंग पुढे जातं आणि हात आपोआप समोर टेकतात. स्नोबोर्डिंगमध्ये मनगटं अशीच मोडतात. घरापासून सहाशे मैलांवर, दोनच ड्रायव्हर असलेल्या गटात एका ड्रायव्हरचं मनगट गेलं तर पुढचं सगळं गणितच कोसळतं.

थांबायच्या खुणा तीन आहेत. यातली एकही दिसली तरी पुरे:

- लिफ्टच्या वरच्या टोकाला बोर्ड काढून उभं राहिल्यावर बूट घोट्यापर्यंत रुततो.
- दोन रनमध्ये दोनदा बोर्ड अचानक अडकला.
- मांड्या थरथरतात आणि वळण उशिरा बसतं.

साधारण अकरा वाजता यातली एखादी खूण दिसतेच. न दिसली तरी अकराला थांबा.

सावधान: "ही शेवटची रन" असं मोठ्याने म्हणू नका. शेवटची म्हटली की प्रत्येकाला काहीतरी करून दाखवायचं असतं, उडी मारायची असते, वेग वाढवायचा असतो. चांगली रन झाली की लिफ्टकडे न वळता थेट खाली या. हंगाम पुढे सरकला असेल तर बर्फ पायथ्यापर्यंत राहत नाही आणि पाल्मरच्या खालच्या मॅजिक माइल लिफ्टनेच खाली उतरावं लागतं. त्यासाठी वेळ ठेवा.

## टप्पा ३: पार्किंगमधली वीस मिनिटं

या टप्प्याला कमी लेखणारे पुढे नवीन सामान विकत घेतात. मी स्वतः पहिल्या वर्षी बोर्ड ओलाच बॅगेत घातला, चेन ओढली आणि घरी गॅरेजमध्ये उभा केला. तीन आठवड्यांनी बॅग उघडली तर दोन्ही कडांवर टोकापासून टोकापर्यंत नारिंगी रेघ होती, आणि बुटांच्या आतल्या अस्तरावर पांढरट बुरशी. साधा बर्फ असता तर इतकं झालं नसतं. हा मिठाचा बर्फ होता.

म्हणून गाडीत पाच-सहा लिटर गोडं पाणी आणि दोन जुने सुती पंचे खास याच कामासाठी ठेवा. नव्या टॉवेलपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा पाणी चांगलं टिपतो.

1. बोर्डवर पाणी ओता. दोन्ही बाजू, कडा आणि बाइंडिंगचे (बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या पकडीचे) स्क्रू नीट भिजले पाहिजेत. मीठ स्क्रूच्या खाचेत बसतं.
2. कडा पंच्याने पुसा. बोटावर पंचा गुंडाळून कडेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या, मागे-पुढे घासू नका. कडेला धार असते.
3. बाइंडिंगचे पट्टे पूर्ण उघडून धुवा. पट्टे आवळणाऱ्या रॅचेटच्या दात्यांत मीठ वाळलं की ते अडकायला लागतात.
4. बुटांतली अस्तरं बाहेर काढा. फक्त फीत सैल करून भागत नाही. अस्तर बाहेर काढलं नाही तर पंजाकडचा भाग चार दिवसांतही वाळत नाही.
5. ओले हातमोजे, मोजे, जॅकेट एका मोठ्या उघड्या टबात टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारू नका.

बोर्ड बॅगेत घालू नका. कॅम्पपर्यंत तो उघडाच आणा.

टिंबरलाइनहून गव्हर्नमेंट कॅम्पपर्यंतचा रस्ता सुमारे सहा मैलांत जवळपास दोन हजार फूट उतरतो. भरलेली गाडी ब्रेकवर उतरवू नका. खालचा गिअर टाका, गाडी इंजिनावर धरा आणि ब्रेक अधूनमधून, पण ठाम दाबा.

तपासा: खाली पोचल्यावर चाकांजवळ जळकट वास येतोय का? येत असेल तर थांबा, ब्रेक थंड होऊ द्या आणि उतारावर गिअर नेमका कुठे चुकला ते ड्रायव्हरशी बोला.

## टप्पा ४: शेवटची संध्याकाळ

आता स्वयंपाक, आग आणि इंधन. तिन्ही त्याच संध्याकाळी संपवायचं.

कूलरमधलं सगळं बाहेर काढा. दूध, दही, पनीर, मांस हे ४ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलेलं नसेल तर टाकून द्या. उन्हात दोन तास बाहेर राहिलेलं अन्न पुन्हा कूलरमध्ये ठेवून वाचत नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली असेल तर तासभरच धरा. उरलेल्या भाज्या एकत्र करून मसालेभात किंवा खिचडी करा. पुढच्या दोन दिवसांसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी आणि लोणचं बाजूला ठेवा. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. गाडीत एका हाताने खाता येतात आणि झोप आणत नाहीत. मंगळवारी दुपारी भाताचं जेवण जेवून चाक धरणाऱ्याचे डोळे दोन वाजता मिटायला लागतात, हे आम्ही दोनदा पाहिलंय.

कढीपत्त्याबद्दल मात्र आवर्जून सांगतो. उरलेला सगळा कढीपत्ता याच संध्याकाळी फोडणीत घालून संपवा. लिंबूवर्गीय झाडांना घातक असलेली आशियाई सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्याच्या झाडावरही जगते, म्हणून कॅलिफोर्नियात त्याची वाहतूक निर्बंधाखाली येते. ओरेगॉनच्या सीमेवर कृषी तपासणी नाका आहे आणि तिथे विचारतात. आपल्या घरच्या झाडाची चार पानं, त्यात काय एवढं, असं वाटतं. पण ही कीड तशीच फिरते.

भांडी तळ्यात धुऊ नका. बायोडिग्रेडेबल साबणही चालत नाही. पाण्यातले शितकण गाळून कचऱ्यात टाका, आणि गाळलेलं पाणी कॅम्पचा नियम असेल तिथे, तळ्यापासून किमान दोनशे फूट लांब टाका. अन्न, टूथपेस्ट, सुगंधी क्रीम रात्री गाडीत बंद करून ठेवा. या जंगलात काळी अस्वलं आहेत. पण तंबूला भोकं पाडण्याचं काम बहुतेक वेळा खारी करतात, आणि त्यांना खिशातला एक शेंगदाणाही पुरतो.

शेकोटी पेटवण्याआधी कॅम्पच्या फलकावर बंदी आहे का ते बघा. जुलै-ऑगस्टमध्ये ती कधीही लागू शकते. लाकूड घरून आणू नका. कॅलिफोर्नियातून प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला ओरेगॉनमध्ये बंदी आहे. ॲश झाडं पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा भुंगा २०२२ मध्ये ओरेगॉनात सापडला, आणि अशी कीड सरपणातूनच लांब पोचते. उरलेलं लाकूड परत नेऊ नका, शेजारच्या तंबूला द्या.

आग विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर आग विझलेली नाही. वरून काळी दिसणारी राख आत रात्रभर धुमसते.

सावधान: रात्री कितीही थंडी वाजली तरी स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी तंबूत किंवा गाडीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला ते कळत नाही.

प्रोपेनचे छोटे हिरवे सिलिंडर रिकामे वाटले तरी कॅम्पच्या कचरापेटीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबले जाताना त्यांचा स्फोट होऊ शकतो. घरी न्या आणि तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या.

## टप्पा ५: वाळवण

सोमवारी सकाळी कोणी लवकर उठायची घाई करू नका. तळ्याकाठी रात्री दव पडतं, आणि आपल्या श्वासाची वाफ तंबूच्या आतल्या बाजूला बसते. पहाटे सहाला बांधलेला तंबू हमखास ओला असतो.

गावाकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घातलेलं आठवत असेल तर हे काम तुम्हाला येतंच. वरून वाळलेली कुरडई उलटली की खालची बाजू दमट लागते. ती तशीच डब्यात भरली की चार दिवसांत बुरशी येते. तंबूचंही तसंच आहे. वरचं कापड अर्ध्या तासात कोरडं होतं, म्हणून लोक गुंडाळून टाकतात. ओल असते ती तळाच्या कापडाच्या खालच्या बाजूला, शिवणींत आणि खुंट्यांच्या पट्ट्यांत.

क्रम असा:

1. आधी स्लीपिंग बॅगा. ऊन आलं की पूर्ण उघडून, आतली बाजू वर करून दोरीवर टाका. रात्रभराचा घाम आतच असतो. तासाभराने उलटा.
2. मग तंबूचं वरचं आच्छादन. काढून, झटकून, आतली बाजू उन्हाकडे. झाडाखाली टाकू नका, चीक पडतो.
3. तंबू रिकामा करा, दारं उघडी ठेवून दोन जणांनी उचलून झटका. वाळू आणि पाइनच्या काड्या चेनमधून निघाल्या नाहीत तर चेन तिथेच फाटते.
4. तंबू आडवा पाडून तळ उन्हाकडे करा. ही पायरी चुकली की बाकी सगळं वाया.
5. बुटांची अस्तरं आणि हातमोजे वाऱ्यात ठेवा. शेकोटीजवळ किंवा गाडीच्या हीटरसमोर नको. अस्तराचा फोम उष्णतेने आकार बदलतो आणि मग बूट पायात नीट बसत नाही.
6. बोर्ड सावलीत, कडा कोरड्या आहेत का ते पुन्हा पुसून बघत. नारिंगी ठिपका दिसला तर गंज काढायच्या रबरी दगडाने हलकेच घासा. आज तो पाच सेकंदांत जातो.

तंबूच्या कापडावर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर असतो. ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की हा थर विरघळल्यासारखा होतो, चिकट लागतो आणि आंबूस वास मारतो. एकदा सुरू झालं की थर पूर्ववत होत नाही. मंगळवारी रेडिंगजवळ जुलैत पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. ओला तंबू डिकीत घालून त्या उन्हातून नेणं म्हणजे नेमकं तेच करणं.

तपासा: शिवणीवर गाल टेकवा. हाताला कोरडं लागलेलं कापड गालाला गार लागतं. गार लागलं तर अजून अर्धा तास.

पाऊस आला तर? वाळवण होणार नाही हे मान्य करा. तंबू सैल गुंडाळून उघड्या टबात ठेवा, क्लॅमथ फॉल्सच्या खोलीत खुर्च्यांवर पसरा आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री पुन्हा उघडा. चोवीस तासांच्या वर ओला बंद ठेवू नका.

## टप्पा ६: गाडी भरणं

इथे फार बोलायची गरज नाही. जड सामान खाली आणि मागच्या सीटला टेकून. छतावरच्या पेटीत हलकं: स्लीपिंग बॅगा, मॅट, बोर्ड. रात्रीच्या मुक्कामाला लागणारी एकच पिशवी सगळ्यांत शेवटी भरा, म्हणजे ती आधी निघेल. मागच्या काचेतून दिसलं पाहिजे.

टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. गार टायरचा आकडाच खरा. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरू नका.

निघण्यापूर्वी एकाने रिकाम्या जागेवर सावकाश चालत फेरी मारायची, नजर जमिनीवर. खुंट्या, चॉकलेटचे कागद, कोणाचा तरी चष्मा. दर वेळी काहीतरी सापडतंच.

## टप्पा ७: रस्ता

सोमवार. गव्हर्नमेंट कॅम्प ते मॅड्रस या पट्ट्यात मोबाइलला रेंज तुटक आहे. नकाशा आधीच उतरवून घ्या. मॅड्रस किंवा बेंडला पेट्रोल भरा. ओरेगॉनमध्ये २०२३ पासून स्वतः भरायची मुभा आहे, त्यामुळे माणूस येईल म्हणून गाडीत वाट बघत बसू नका. बेंडच्या दक्षिणेला यूएस ९७ वर संध्याकाळी हरणं रस्ता ओलांडतात. एक दिसलं की मागे दुसरं असतंच, म्हणून पहिलं गेल्यावर वेग वाढवू नका. अंधाराआधी क्लॅमथ फॉल्स गाठा.

मंगळवार सकाळ. निघण्याआधी ओरेगॉनसाठी ट्रिपचेक आणि कॅलिफोर्नियासाठी क्विकमॅप ही संकेतस्थळं उघडून वणवे आणि बंद रस्ते बघा. २०१८ च्या सप्टेंबरात डेल्टा वणव्यामुळे रेडिंगच्या उत्तरेला आय-५ काही दिवस बंद होता. रस्ता बदलायचा असेल तर तो निर्णय क्लॅमथ फॉल्सलाच घ्या. पुढे गेल्यावर पर्याय कमी होत जातात.

तपासणी नाका. यूएस ९७ वर डॉरिसजवळ थांबावं लागतं. वाटेत घेतलेली फळं, घरच्या कुंडीतलं काहीही, सरपण, जे असेल ते विचारण्याआधी सांगा. नाक्यावरचा माणूस आपला वेळ खायला बसलेला नाही, तिथे कीड अडवली की पुढच्या बागा वाचतात.

झोप. दर दोन तासांनी ड्रायव्हर बदला, कोणी दमलेलं नसलं तरी. आपण ठीक आहोत हे दमलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त वाटतं, म्हणून निर्णय त्याच्यावर सोडू नका. शेजारी बसलेल्याने जागं राहायचं, हे त्याचं काम आहे. मागचा फलक कोणता गेला ते चालवणाऱ्याला सांगता आलं नाही, किंवा गाडी लेनच्या रेषेवर गेली, की पुढच्याच रेस्ट एरियात थांबा. कॉफी प्या आणि वीस मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू होईपर्यंत झोप झालेली असते. ओरेगॉनच्या रेस्ट एरियात चोवीस तासांत बारा तास, कॅलिफोर्नियात आठ तास थांबता येतं. तंबू लावायचा नाही, पण सीट मागे करून झोपायला कोणाची हरकत नाही.

### पोर्टलंडहून विमानाने परतणाऱ्यांसाठी

गॅसचे डबे, भरलेले किंवा रिकामे, विमानात चालत नाहीत. अस्वलांसाठीचा स्प्रेही नाही, चेक-इन सामानातसुद्धा नाही. दोन्ही कॅम्पवरच पुढे राहणाऱ्या कुटुंबाला द्या. स्टोव्हला इंधनाचा वास राहिला तर तो काढून घेतात. धुऊन दोन दिवस उघडा ठेवा आणि विमान कंपनीचा नियम आधी वाचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. भाड्याच्या गाडीतली वाळू आणि मीठ झाडून परत करा.

## टप्पा ८: घरी पहिला तास, पहिला आठवडा

पहिल्या तासात फक्त चार गोष्टी: तंबू गॅरेजमध्ये पसरायचा, स्लीपिंग बॅगा दाबून भरलेल्या पिशव्यांतून बाहेर काढायच्या, बुटांची अस्तरं पुन्हा मोकळी करायची, कूलर उघडा ठेवायचा. कपडे उद्या.

स्लीपिंग बॅग वर्षभर लहान पिशवीत दाबून ठेवली तर आतला भराव फुगेनासा होतो. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, जुनी उशीची खोळ चालते. हवेच्या मॅटचा वॉल्व्ह उघडा ठेवून ती पसरून ठेवा, श्वासाची वाफ आत अडकायला नको.

आठवड्याभरात बोर्डाचं काम करा. बाइंडिंगचे स्क्रू सैल करा, म्हणजे बेसवर (बोर्डाच्या तळावर) ताण राहत नाही. बेस पुसून वॅक्सचा जाड थर द्या, कडांवरूनही थोडा ओघळू द्या आणि तो खरवडू नका. तो थर बेस सुकू देत नाही आणि कडांना हवेपासून झाकतो. बोर्ड घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. गॅरेजच्या पत्र्याच्या दारामागे उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे नको. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी तो थर खरवडून काढलात की खाली कडा चकचकीत दिसली पाहिजे. नारिंगी दिसली, तर पार्किंगमधल्या वीस मिनिटांपैकी काहीतरी राहून गेलं होतं.